नानावटी खटला: न्यायालयातला प्रश्न आणि रस्त्यावरचा प्रश्न

विचारणाऱ्याचे प्रश्न तीन आहेत. एखाद्या नामांकित माणसावर खुनाचा खटला उभा राहिला की लोक आणि माध्यमे त्यात एवढी का गुंततात, त्याचा निकालावर खरोखर परिणाम होतो का, आणि ‘नानावटी प्रकरणामुळे भारतातली ज्युरी पद्धत बंद झाली’ (ज्युरी म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिकांचे मंडळ) हे जे सर्रास सांगितले जाते ते कितपत खरे आहे. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांत तीस वर्षांहून अधिक काळ, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने, उभा राहत आल्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांवर माझे स्वतःचे मत आहे. तिसऱ्याचे उत्तर कागदोपत्रीच मिळते. तिन्हींसाठी मी नानावटी खटलाच हाताशी घेतो, कारण त्याच्याविषयी ऐकलेले लोक पुष्कळ असले तरी त्याचा निकाल वाचलेले फार थोडे आहेत, आणि त्या निकालात २७ एप्रिल १९५९ ही दुपार जवळजवळ घड्याळ समोर ठेवून नोंदवलेली आहे.

कमांडर कावस माणेकशॉ नानावटी हे ‘आयएनएस म्हैसूर’ या युद्धनौकेवरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. पत्नी सिल्व्हिया इंग्लंडची; लग्न १९४९ मध्ये तिकडेच झालेले. पती समुद्रावर असताना प्रेम आहुजा या मोटारींच्या व्यापाऱ्याशी तिचे संबंध जुळले, आणि त्या दिवशी दुपारी घरी तिने पतीजवळ तशी कबुली दिली. त्यानंतर नानावटींनी पत्नीला आणि मुलांना मेट्रो सिनेमावर सोडले, खेळ सुटल्यावर न्यायला येतो असे सांगितले, बोटीवर जाऊन रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचे आहे अशी सबब पुढे करून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे मिळवली आणि ती एका तपकिरी लिफाफ्यात घातली. तेथून ते आहुजांच्या कचेरीत गेले. आहुजा तेथे नसल्याने त्यांच्या घरी गेले आणि शयनगृहात शिरून त्यांनी दार लावून घेतले. तीन गोळ्या सुटल्या. काही वेळाने नानावटी स्वतःच पोलीस उपायुक्त जॉन लोबो यांच्यासमोर हजर झाले. घर सोडले तेव्हा दुपारचा दीड झाला होता आणि आहुजा मारले गेले तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. मधले हे जवळजवळ तीन तास म्हणजेच सगळा खटला. बाहेरच्या चर्चेतून नेमके तेच गळाले.

आता जी गोष्ट मला या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते ती सांगतो. रस्त्यावर, इराण्याच्या हॉटेलात, लोकलच्या डब्यात लोक ज्या नानावटींना डोक्यावर घेत होते ते होते पत्नीला नादी लावणाऱ्याचा सूड घेणारे, अब्रूसाठी गोळी झाडणारे नानावटी. न्यायालयात मात्र त्यांचा मुख्य बचाव त्याच्या अगदी उलट होता. आपण गोळी झाडलीच नाही, आहुजा लिफाफ्यावर झडप घालू लागले, झटापट झाली आणि त्या झटापटीत गोळ्या चुकून सुटल्या, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे अपघात. ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ’ हा मुद्दा पर्यायी होता. गोळ्या हेतुपूर्वक झाडल्या असे धरले गेलेच, तर निदान गुन्हा खुनाचा न ठरता सदोष मनुष्यवधाचा ठरावा, यासाठी मांडलेला. अब्रूसाठी मारले हे मान्य केले असते तर हेतू मान्य झाला असता आणि अपघाताचा बचाव जागच्या जागी कोसळला असता. ज्या कृत्याबद्दल गर्दी आरोपीचा जयजयकार करत होती, ते कृत्य आपण केलेच नाही हे सिद्ध करण्यासाठी त्याचे वकील कार्ल खंडालावाला (हेच भारतीय चित्र-शिल्पकलेचे मोठे अभ्यासक म्हणूनही ओळखले जातात) घाम गाळत होते. ही विसंगती गर्दीला कधीच खटकली नाही, कारण न्यायालयात नेमका कोणता प्रश्न चालू आहे याच्याशी तिला कर्तव्यच नव्हते.

टॉवेलचेही असेच. आहुजा नुकतेच स्नान करून बाहेर आले होते आणि अंगावर फक्त टॉवेल होता. शहराला त्या टॉवेलात विलास, शयनगृह, उच्चभ्रूंची रंगेल दुपार दिसली. ‘आहुजा टॉवेल’ आणि ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ या नावाने खेळणी विकली जात होती, असे त्या दिवसांविषयी लिहिणाऱ्या अनेकांनी नोंदवले आहे. सरकार पक्षाला मात्र त्याच टॉवेलात पुरावा दिसला. दोन धडधाकट माणसांची रिव्हॉल्व्हरसाठी खरोखर झटापट झाली असती, तर कमरेला नुसता गुंडाळलेला टॉवेल जागेवर राहिला असता का? तो सुटला नव्हता, गळून पडला नव्हता. न्यायालयांनी अपघाताची कथा नाकारली त्यामागे ही बाब महत्त्वाची ठरली. नवशिक्या वकिलांना मी नेहमी सांगतो की मुद्देमालाच्या यादीतली प्रत्येक वस्तू आधी मुकाट पाहावी, तिच्यावर गोष्ट रचू नये. टॉवेल हे त्याचे उत्तम उदाहरण.

‘ब्लिट्झ’चा उल्लेख केल्याशिवाय हे प्रकरण सांगताच येत नाही. रूसी करंजिया यांनी १९४१ मध्ये सुरू केलेले हे इंग्रजी साप्ताहिक तेव्हा ऐन भरात होते, आणि त्याने नानावटींची बाजू उघडपणे, अंकामागून अंक लावून धरली. एका बाजूला देशासाठी समुद्रावर असणारा, गणवेशातला, सरळमार्गी अधिकारी, दुसऱ्या बाजूला पैसेवाला, अविवाहित, बायकांच्या मागे लागणारा व्यापारी, अशी ती मांडणी होती. चार आण्यांचा अंक दोन रुपयांपर्यंत विकला गेल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. पारशी समाज नानावटींच्या मागे उभा राहिला, सिंधी समाज आहुजांच्या बहिणीच्या पाठीशी. तिच्या वतीने खटल्यावर लक्ष ठेवणारे तरुण वकील राम जेठमलानी हे नाव तेव्हापासून शहराच्या कानावर पडू लागले. ‘ब्लिट्झ’ने धादांत खोटे छापले असा माझा आरोप नाही. त्याने केले ते याहून परिणामकारक होते: प्रश्नच बदलला. न्यायालयापुढचा प्रश्न होता, ‘त्या तीन तासांत या माणसाने काय केले आणि कोणत्या मनःस्थितीत केले?’ वाचकांपुढे ठेवलेला प्रश्न होता, ‘या दोघांतला चांगला माणूस कोणता?’ पहिल्याच्या उत्तरासाठी पंचनामे, शवविच्छेदनाचा अहवाल, गोळीच्या दिशेबद्दल तज्ज्ञांची साक्ष, लिफाफा, टॉवेल आणि पुष्कळसा कंटाळा एवढे सगळे सोसावे लागते. दुसऱ्याचे उत्तर कोणीही चहाच्या कपाबरोबर देऊ शकतो.

लोक का गुंततात, याचे माझे उत्तर हेच आहे. सामान्य माणसाला रक्ताची ओढ असते वगैरे जे म्हटले जाते ते मला फारसे पटत नाही. सत्र न्यायालयात दररोज खुनाचे खटले चालतात आणि मागचे बाक रिकामेच असतात. माणसे खटल्यात गुंततात ती आपल्या घरात उघडपणे बोलता न येणारी गोष्ट तेथे बोलायला मिळते म्हणून. लग्न, विश्वासघात, बायकोवरचा हक्क, नवऱ्याची दीर्घ अनुपस्थिती, परजातीतला आणि परदेशातला विवाह, पैसा, या सगळ्यांविषयी १९५९ च्या मुंबईत दिवाणखान्यात चर्चा होणे शक्य नव्हते. नानावटींच्या नावाने ती झाली. प्रसिद्ध माणसाचा खटला हा बाकीच्यांसाठी परवाना असतो.

आणि हे दूरचित्रवाणीने आणलेले खूळ नव्हे. नानावटी प्रकरणाच्या चौतीस वर्षे आधी, जानेवारी १९२५ मध्ये, मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याचा मोटार अडवून खून झाला. त्याच्याबरोबर असलेली मुमताज ही पूर्वी इंदूरच्या होळकर दरबारात होती आणि तिला परत नेण्यासाठीच हा हल्ला झाला होता. योगायोगाने त्या रस्त्याने येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांमुळे ती वाचली. मुंबई उच्च न्यायालयात खटला उभा राहिला, आरोपींपैकी आनंदराव फणसे यांच्या बचावासाठी मोहम्मद अली जीना उभे राहिले, आणि पुढच्याच वर्षी तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. मराठी घरांत त्या प्रकरणाची चर्चा किती काळ पुरली असेल याची कल्पना करता येते. माझ्या आजोबांच्या पिढीला ‘बावला’ एवढा एकच शब्द पुरत असे.

आता निकालावरच्या परिणामाकडे येतो. सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांच्यापुढे नऊ जणांच्या विशेष ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने नानावटींना निर्दोष ठरवले. खुनाच्या आरोपातून आणि सदोष मनुष्यवधाच्याही आरोपातून. हा निकाल वर्तमानपत्रांनी घडवला असे ठामपणे म्हणता येणार नाही, कारण ज्युरीने कारणे द्यायची नसतात आणि त्यांच्या मनात डोकावण्याचे साधन कोणाकडेच नाही. पण ज्युरीतले लोक याच शहरात राहणारे होते. अमेरिकेत ओ. जे. सिम्प्सन खटल्यात १९९५ मध्ये ज्युरीला आठ महिन्यांहून अधिक काळ हॉटेलात, वर्तमानपत्रांपासून आणि दूरचित्रवाणीपासून दूर ठेवले होते, आणि तरीही त्या निकालावरचा वाद थांबला नाही, एवढे येथे लक्षात घ्यावे. शिवाय एक दुसरी, कमी चर्चिली गेलेली बाब आहे. ज्युरीला कायदा समजावून सांगण्याचे काम न्यायाधीशाचे असते, आणि येथे ते समजावण्यातच चुका झाल्या होत्या, असे वरच्या न्यायालयांना आढळले. मृत्यू आपल्याच हातून झाला हे आरोपीला मान्य असेल आणि तो अपघात म्हणत असेल, तर ते दाखवण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर येते. हे आणि असे आणखी काही मुद्दे ज्युरीसमोर नीट ठेवले गेले नव्हते. दोष सगळा वर्तमानपत्रांच्या माथी मारणे सोयीचे असते, पण अपुरा समजावलेला कायदा आणि भरपूर समजावलेली गोष्ट ज्युरीपर्यंत एकाच वेळी पोहोचल्यावर तिने गोष्ट उचलली, तर नवल नाही.

मेहता यांनी तो निकाल स्वीकारला नाही. पुराव्याकडे पाहता कोणत्याही समंजस माणसांना असा निष्कर्ष काढता येणार नाही, असे मत देऊन त्यांनी १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे सरकारची बाजू मांडणाऱ्यांत यशवंत विष्णु चंद्रचूड होते, जे पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. ११ मार्च १९६० रोजी न्या. शेलत आणि न्या. नाईक यांच्या खंडपीठाने नानावटींना खुनासाठी दोषी धरून जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी आदेश काढून, सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित केली आणि नानावटींना नौदलाच्याच कोठडीत राहू दिले. लोकमताचा खरा दाब कुठे पडतो ते येथे दिसते. न्यायाधीशाच्या मेजापेक्षा तो मंत्रालय आणि राजभवन यांच्या मेजांवर अधिक पडतो. त्या आदेशाचा प्रश्न घटनापीठापर्यंत गेला आणि ५ सप्टेंबर १९६० रोजी, एका न्यायमूर्तींची असहमती वगळता, पीठाने सांगितले की प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या हाती असताना तेवढ्या काळापुरता राज्यपालांना हा अधिकार वापरता येणार नाही. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी अपील फेटाळले गेले. खुनाच्या वेळी मुंबई राज्य होते. मधल्या काळात महाराष्ट्र झाला, म्हणून कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण ‘के. एम. नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने आहे.

त्या निकालातला प्रक्षोभाविषयीचा भाग आजही दर वर्षी कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. आरोपी ज्या समाजातला आहे त्या समाजातला समंजस माणूस तशा परिस्थितीत भान हरपेल का, हे पाहायचे. शब्द आणि हावभावसुद्धा प्रक्षोभक ठरू शकतात. आधीच्या घटनांमुळे मनाची झालेली अवस्थाही विचारात घ्यायची. पण घाव हा त्या संतापाच्या भरातच पडलेला असला पाहिजे, संताप निवायला आणि बेत आखायला वेळ मिळाल्यावर पडलेला नसावा. सिनेमा, बोट, अहमदनगरची सबब, कचेरी, मग घर, असा क्रम डोळ्यांसमोर आणला की उरते काय, हे न्यायालयाला वेगळे सांगावे लागले नाही. पण तरी सांगितले.

ज्युरीच्या प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात देता येते. नानावटी प्रकरणामुळे ज्युरी पद्धत रद्द झाली, हे खरे नाही. विधि आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात, म्हणजे १९५८ मध्ये, आहुजा जिवंत असतानाच, ती बंद करण्याची शिफारस केली होती, आणि अनेक भागांत ती आधीपासूनच मागे पडत चालली होती. नानावटींनंतरही काही ठिकाणी ज्युरीपुढे खटले चालले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र तिला जागा मिळाली नाही. या प्रकरणाने ज्युरीविरोधकांच्या हातात एक ठळक उदाहरण दिले, इतकेच. गंमत अशी की पारशी विवाहांच्या दाव्यांत ज्युरीसारखे समाजातले प्रतिनिधी बसवण्याची पद्धत १८६५ च्या कायद्याने आणली, १९३६ च्या कायद्याने ती कायम ठेवली आणि ती नंतरही टिकून राहिली.

पुढे विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल असताना नानावटींना माफी मिळाली. त्याच वेळी भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यांना, ज्यांनी स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला होता आणि गांधीधाम वसवले होते, आयात परवान्यांच्या प्रकरणातून माफी मिळाली. दोन समाजांचा तोल सांभाळण्यासाठी ही जोडी कशी जुळवली गेली आणि त्यासाठी आहुजांच्या बहिणीची लेखी संमती कशी मिळवली गेली, हे जेठमलानींनी नंतर सांगितले आहे. नानावटी कुटुंब १९६८ मध्ये कॅनडाला गेले आणि २००३ मध्ये नानावटींचे तेथेच निधन झाले.

आजच्या खटल्यांत ज्युरी नाही, म्हणून माध्यमांचा परिणाम होत नाही, असे मात्र कोणी समजू नये. पुरावा नोंदवून अंतिम निकाल देणारा न्यायाधीश बातम्यांनी सहसा हलत नाही, असा माझा अनुभव आहे. परिणाम होतो तो आधीच्या टप्प्यांवर: कोठडीच्या अर्जावर, जामिनावर, साक्षीदारावर. एका प्रकरणात ओळख परेडमध्ये आरोपीला अचूक ओळखणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी मी घेत होतो. परेडच्या आधी याचे छायाचित्र कुठे पाहिले होते का, असे विचारल्यावर तो बिचारा निरागसपणे म्हणाला, ‘हो साहेब, टीव्हीवर रोजच दाखवत होते की.’ ओळख परेडचे सगळे मोल त्या एका वाक्यात संपले. चेहरा झाकून आरोपीला न्यायालयात आणायचे कारण शिष्टाचार नसून हे आहे, आणि तो चेहरा दाखवून आपण सरकार पक्षाला मदत करतो आहोत असे वाहिन्यांना वाटत असते. तीच गत ‘पोलीस सूत्रांनी दिलेल्या कबुलीजबाबाची’. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबांचा उपयोग मुख्यतः साक्षीदाराला त्याच्याच आधीच्या बोलण्याशी ताडून पाहण्यापुरता होतो. आणि बातम्या बहुतांशी चालतात त्या याच दोन गोष्टींवर. मग पाच वर्षांनी निर्दोष सुटका झाली की लोक म्हणतात, पैसे चारले असतील.

कोल्हापूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच म्हटले होते की वर्तमानपत्रे, इलेक्ट्रॉनिक माध्यमे किंवा जनआंदोलन यांनी खटला चालवणे हे कायद्याच्या राज्याच्या अगदी विरुद्ध आहे. सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर, जानेवारी २०२१ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने तपास चालू असताना माध्यमांनी चालवलेल्या समांतर खटल्याबद्दल सविस्तर निकाल दिला आणि तो न्यायदानात अडथळा ठरू शकतो असे सांगितले. खून झाला असे महिनोन्‌महिने रात्रीच्या चर्चांतून ठरवले गेलेल्या त्या प्रकरणात सीबीआयने मार्च २०२५ मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल दाखल केला.

माझ्याकडे नव्याने येणाऱ्या वकिलांना मी नानावटी निकाल वाचायला देतो आणि एकच प्रश्न विचारतो: आहुजा काय म्हणाले? सगळे तत्काळ ते प्रसिद्ध वाक्य सांगतात. ‘तिच्याशी लग्न करून मुलांना सांभाळशील का’ या प्रश्नावर, ज्या ज्या बाईबरोबर झोपलो तिच्याशी लग्न करत बसू काय, अशा अर्थाचे उर्मट उत्तर. आहुजांचा स्वभाव सांगताना आजही हेच वाक्य पुढे केले जाते. मग मी विचारतो, हे ऐकले कोणी? दार बंद होते, आत दोघेच होते. थोडा वेळ पाने चाळल्यावर एखादी चुणचुणीत मुलगी मान वर करून सांगते, ‘सर, हे आरोपीच्या जबानीत आहे.’

मग आम्ही टॉवेलच्या पानाकडे वळतो.